ध्रुव सरकतोय म्हणून घरातला पलंग फिरवायचा का?

डिचोलीकर
आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच विषय. पृथ्वीचा चुंबकीय उत्तर ध्रुव कॅनडातून सुटून सायबेरियाकडे पळतोय, नासाने कबूल केलंय, लवकरच उत्तर-दक्षिण उलटणार, माणसांना भ्रम होणार, विमानं पडणार. त्यात एका वास्तुवाल्याने बरोबर संधी साधली. घरोघरी जाऊन फोनमधलं होकायंत्र पलंगावर ठेवतो, बघा तुमची उत्तर हलली म्हणतो, आणि मग तांब्याच्या पट्ट्या, पिरॅमिड, पलंग फिरवून देणं असं सगळं पॅकेज. शेजारच्या काकूंकडे आला तेव्हा मी तिथेच होतो. पलंगावर फोन ठेवला, सुई फिरली. मी म्हटलं तोच फोन जरा खिडकीतल्या कट्ट्यावर ठेवा बघू, तर सुई तिसरीकडेच. पलंग लोखंडी, खाली बॉक्समध्ये जुनं शिलाई मशीन, सुई करणार काय बिचारी. तो हसला आणि म्हणाला साहेब हेच तर डिस्टर्बन्स.

ध्रुव सरकतोय हे खरंच आहे, त्यात वाद नाही. १८३१ साली जेम्स क्लार्क रॉसने तो कॅनडाच्या उत्तरेला बूथिया भागात गाठला, तेव्हापासून फिरतोच आहे. आधी वर्षाला दहाएक किलोमीटर, १९९० नंतर पन्नासच्या वर गेला, आता परत पस्तिसाच्या आसपास आलाय. पण त्याने गोव्यात सुईची दिशा वर्षाला अंशाच्या दहाव्या भागाएवढीही बदलत नाही. तेवढ्यासाठी पलंग?

घाबरणाऱ्यांवर माझा राग नाही. राग या भीतीवर दुकान थाटणाऱ्यांवर आहे आणि त्याहून जास्त आमच्या ग्रुपातल्या त्या शिकलेल्या लोकांवर, ज्यांना सगळं कळतं आणि जे फक्त हात जोडल्याचा इमोजी टाकून गप्प बसतात. माझं म्हणणं, तिथल्या तिथे बोलायला पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

पर्वरीवाला
सोडा हो भाऊ. काकूंचे पैसे, काकूंचं समाधान, तुम्ही कशाला मध्ये. लोक याहून जास्त पैसे कॅसिनोत घालवून येतात तेव्हा कोण धागा काढत नाही. आणि उत्तरेकडे डोकं करून झोपू नये हे माझी आजी पण सांगायची, ती काय पट्ट्या विकत होती? रक्तात लोह असतं, पृथ्वी चुंबक आहे, काहीतरी परिणाम होतच असणार. विज्ञानाला अजून सगळं कळलंय असं थोडंच आहे.

फोंड्याचा मास्तर
पर्वरीवाले, आजीला मध्ये आणू नका. आजी हत्तीची आणि गणपतीची गोष्ट सांगायची, चुंबकाचं नावही तिने कधी काढलं नाही. ते कारण मागाहून कोणीतरी चिकटवलं, कारण आता गोष्ट चालत नाही, सायन्स चालतं. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं, ते खिळ्यासारखं चुंबकाला ओढलं जात नाही. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला आहे. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक, मायक्रो म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग. एमआरआयचं मशीन दीड टेस्लाचं, म्हणजे त्याच्या ३७ हजार पट, आणि त्यात लोक अर्धा अर्धा तास डोकं घालून पडतात, बाहेर येऊन आवाज फार होता एवढीच तक्रार करतात. आता उत्तरेला डोकं केलं म्हणून झोप उडते हे मला कोणी समजावून सांगा.

कुतूहल_म्हापसा
मास्तर, वास्तुवाला ढोंगी आहे हे कबूल. पण त्याच्या आडून अख्खा विषयच हसण्यावारी नेताय हे पटत नाही. गेल्या २०० वर्षांत हे क्षेत्र सुमारे ९ टक्के कमजोर झालंय. दक्षिण अटलांटिकवर, ब्राझीलच्या बाजूला एवढा मोठा कमजोर पट्टा आहे की अंतराळात फिरणारी हबल दुर्बीण तिथून जाताना निरीक्षणं थांबवते. होकायंत्राचं जे जागतिक मॉडेल दर पाच वर्षांनी निघतं ते २०१९ मध्ये मुदतीआधी दुरुस्त करावं लागलं, कारण ध्रुव अंदाजापेक्षा वेगळा पळाला. आणि ४१ हजार वर्षांपूर्वी क्षेत्र आजच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उतरलं होतं, लाशां म्हणतात त्याला. न्यूझीलंडच्या दलदलीत पुरलेल्या कौरी झाडांवरून २०२१ मध्ये पेपर आला की त्या काळात हवामान बिघडलं, निअँडरथल, म्हणजे माणसाची ती नामशेष झालेली जात, संपायला तेही कारण असेल. ‘सायन्स’ या संशोधन नियतकालिकात छापून आलाय तो, कॉलनीच्या ग्रुपवर नाही. सामान्य माणूस हे वाचून घाबरला तर त्याला अडाणी कसं म्हणता? आणि मास्तर तुमचा हा एमआरआयचा सूर, माफ करा, यानेच लोक वास्तुवाल्याकडे जातात. तो निदान घरी येऊन तासभर बसून ऐकून घेतो.

घाटावरचा दगड
म्हापसेकर, आकडे बरोबर दिलेत, पण अर्धेच. ९ टक्के कमी होऊनही आजचं क्षेत्र मागच्या लाखो वर्षांच्या सरासरीपेक्षा जोरदारच आहे. खाली येतंय म्हणजे शून्यावर चाललंय असं नाही, ते असं वरखाली होतच असतं. त्या कौरीच्या पेपरवर बऱ्याच संशोधकांनी लगेच आक्षेप घेतलेत. झाडांच्या वयाचं काम चांगलं, पण निअँडरथलपर्यंत मारलेली उडी लांबची आहे. त्याच काळातून आपले पूर्वज आफ्रिकेत आणि आशियात पार पडलेच की, म्हणून तर आपण इथे भांडतोय.

आता उलटण्याबद्दल. शेवटची उलथापालथ सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली. तिला वेळ लागतो हजारो वर्षांचा, आज रात्री झोपलो आणि सकाळी दक्षिण झाली असं होत नाही. वेळापत्रकही नाही, डायनासोरच्या काळात साडेतीन कोटी वर्षांहून जास्त एकदाही उलटलं नाही. याचा पुरावा बघायला लांब जायची गरज नाही, गोव्याच्या ईशान्य टोकाला सुर्ल्याच्या बाजूला डोंगरमाथ्यावर जो काळा दगड दिसतो तो दख्खनचा लाव्हा, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. लाव्हा थंड होताना त्यातले लोहाचे कण त्यावेळच्या उत्तरेकडे तोंड करून कायमचे थिजतात. सह्याद्रीतल्या या लाव्ह्याचा मोठा भाग उलटी उत्तर दाखवतो. १९५० च्या दशकात लंडनच्या संशोधकांनी हेच दगड मोजून भारत तेव्हा विषुववृत्ताच्या खाली होता हे दाखवलं होतं. पावसात चोर्ला घाटात धबधब्याखाली सेल्फी काढता तेव्हा ज्या दगडाला टेकता ना, त्यात हे सगळं लिहिलेलं असतं. असो, विषय निघाला की मी थांबत नाही.

सत्तरीकर ७७
मग आमच्याकडे एवढी वर्षं लोखंडाच्या खाणी खणल्या, डोंगरच्या डोंगर जहाजात भरून पाठवले, त्याने काहीच झालं नसणार का? आमच्याकडे जुनी माणसं तसंच म्हणतात.

घाटावरचा दगड
खाणींनी विहिरी आटवल्या, शेतं लाल केली, त्याचा हिशेब मागाच. पण याच्याशी संबंध नाही. हे क्षेत्र तयार होतं २९०० किलोमीटर खाली, वितळलेल्या लोखंडाच्या घुसळणीतून. आपल्या खाणी त्यापुढे ओरखडासुद्धा नाहीत.

मालीमचा तांडेल
मी शिकलेला कमी, ट्रॉलर आहे माझा. व्हीलहाऊसमध्ये जीपीएस आहे, फिशफाइंडर आहे, तरी होकायंत्र ठेवतोच, कारण भर समुद्रात बॅटरी गेली तर तेच उरतं. ध्रुव तिकडे तीस किलोमीटर सरकला की चाळीस ते मला आजवर कधी कळलं नाही. पण मागच्या सीझनला एका खलाशाने गाणी लावायला ब्लूटूथ स्पीकर नेमका होकायंत्राच्या बाजूला ठेवला, रात्रभर बोट वाकडी चालली, सकाळी जीपीएस बघतो तर कुठल्या कुठे. स्पीकरमध्ये चुंबक असतो हे त्याला माहीतच नाही. इंजिन बदललं, नवी लोखंडी प्लेट मारली की पण सुईत फरक येतो, तो तपासून घ्यायचा असतो. तेव्हा तो वास्तुवाला म्हणतो ते डिस्टर्बन्स खरंच असतं, पण ते खिशात असतं, उत्तर ध्रुवावर नसतं.

पर्वरीवाला
तांडेलबाब, हे मस्त. पण मग विमानांचं काय? परवा एका रीलमध्ये होतं की ध्रुव हलल्यामुळे विमानतळाचे आकडे बदलावे लागतात, म्हणजे काहीतरी गडबड आहेच ना. आणि त्या २०२४ च्या मे महिन्यात लडाखला हानलेचं आकाश लाल झालं ते? ते पण पलंगाखालचं शिलाई मशीन?

फोंड्याचा मास्तर
पर्वरीवाले, दोन वेगळ्या गोष्टी एका ताटात वाढू नका. दाबोळीच्या धावपट्टीला ०८ आणि २६ म्हणतात, म्हणजे होकायंत्रावर साधारण ८० आणि २६० अंश. सुई हळूहळू सरकून पुढच्या दहाच्या जवळ गेली की आकडा पुसून नवा रंगवतात. अमेरिकेत टँपाला २०११ मध्ये रंगवला. ते नियमित काम आहे.

हानलेचा लाल प्रकाश सूर्यामुळे होता. १०-११ मे २०२४ ला सौरवादळ आलं, ते दोन दिवसांत ओसरलं. खरी काळजी करायची तर याची करा. १३ मार्च १९८९ ला अशाच वादळाने कॅनडातल्या क्युबेकची वीज नऊ तास गेली, ६० लाख लोक अंधारात. १८५९ मध्ये तर त्याहून मोठं आलं, आणि त्याची नोंद आपल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत आहे, जगभरचे लोक आजही ती वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हणून चुंबकीय मोजणी अलिबागला हलवली, १९०४ पासून तिथे चालू आहे. तेव्हा सरकार लपवतंय म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न, शंभर वर्षांहून जास्त काळ रोज मोजून ठेवलेली गोष्ट लपवली कशी?

कुतूहल_म्हापसा
मास्तर, मोजून ठेवणं वेगळं आणि सांगणं वेगळं. दरवर्षी तो मेसेज येतो ना, आज रात्री साडेबारा ते साडेतीन कॉस्मिक किरण येणार, फोन बंद ठेवा, नासा आणि बीबीसीने सांगितलंय. माझे वडील निवृत्त इंजिनिअर, ते पण फोन बंद करून झोपतात, म्हणतात बंद केला तर माझं काय जातंय. त्यांना तुमचं अलिबाग कोणी सांगितलं? पंचायतीच्या हॉलमध्ये योगाचं शिबिर होतं, मधुमेहाचं होतं, या विषयावर कोणी येऊन तासभर बोललेलं मी तरी पाहिलं नाही. डिचोलीकर म्हणतात तिथल्या तिथे बोला. बोलून माणूस अजून हट्टाला पेटतो, वडिलांशी मी बोलून बघितलंय.

डिचोलीकर
हट्टाला पेटतो हे खरं, पण गप्प बसलं की पुढच्या घरी पॅकेज विकलं जातं त्याचं काय? मी ग्रुपवर खिडकीतल्या फोनचा व्हिडिओ टाकला. दोघांनी मला धर्मद्रोही म्हटलं, पण तिघांनी खासगीत विचारलं की ऑर्डर कॅन्सल करता येते का. काकूंचा पलंग मात्र फिरवून झालाय आणि आता पंखा पायावर येतो, म्हणून रात्री झोप नाही. वास्तुवाला म्हणतो शरीर अ‍ॅडजस्ट होतंय.

मोरजीची
सगळे माणसांचंच बोलताय. कासवं समुद्रातून परत येताना हेच क्षेत्र वापरतात, ज्या किनाऱ्यावर जन्मली तिथली चुंबकीय खूण लक्षात ठेवून. फ्लोरिडात लॉगरहेड कासवांवर अभ्यास झालाय, क्षेत्र थोडं सरकलं की घरटी घालायच्या जागा पण त्याप्रमाणे सरकलेल्या दिसल्या. म्हणजे बदल होतो आणि कोणालातरी तो कळतो, आणि त्याच कुळातली ऑलिव्ह रिडले कासवं आपल्याकडे थंडीत येतात. पण ती कोटी वर्षं हे सांभाळत आलीत, कितीतरी उलथापालथी बघून. त्यांना इथे अडवतात ते शॅकचे दिवे आणि वाळूत रात्रभर टाकून ठेवलेल्या खाटा. पलंग हलवायची एवढी हौस असेल तर त्या वास्तुवाल्याला किनाऱ्यावर पाठवा, संध्याकाळी सगळ्या खाटा उचलायला लावते.

पर्वरीवाला
हाहा, हे बेस्ट. तरी माझं मत तेच, ज्याला ज्यात बरं वाटतं ते त्याने करावं. पण पट्ट्या मी घेणार नाही, एवढं सांगतो.

कुतूहल_म्हापसा
तांडेलबाब, तुमचं ते होकायंत्र आमच्या वाड्यावरच्या पोरांना दाखवता येईल का? मी भाषण देऊन काही होत नाही, स्पीकरचा प्रयोग दाखवला तर बहुतेक होईल.

मालीमचा तांडेल
३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी, ट्रॉलर धक्क्यालाच आहे, कधीही आणा. जेटीवर शेवाळ आहे, पोरांना चपला घालून आणू नका, सरकतात. आणि मोबाईल बाहेर जमा करायचे, आधीच सांगतो.

कुतूहल_म्हापसा
देव बरें करूं. रविवारी येतो, वडिलांना पण घेऊन.