शब्दचर्चा : ‘फॅसिलिटेटर’ला सुलभक म्हणावं का?

अनुवादिका
गावातल्या पाणी समित्यांसाठी एक मार्गदर्शिका मराठीत आणते आहे. ‘फॅसिलिटेटर’ला शिक्षक-प्रशिक्षणात रुळलेला ‘सुलभक’ घेतला, त्यावर कुणी हरकत घेतली नाही. अडलं पुढे. ‘फॅसिलिटेशन’चं ‘सुलभीकरण’ केलं आणि वाक्य झालं, ‘पाणीवाटपाच्या प्रश्नाचे गटात सुलभीकरण करावे.’ तपासणाऱ्यांनी अर्थ लावला : प्रश्न सोपा करून सांगावा. म्हणायचं होतं नेमकं उलट. प्रश्न आहे तसा गटापुढे ठेवायचा, उत्तर गटानेच काढायचं, एकाने फक्त बैठक नीट चालते ना ते बघायचं. या माणसाला आणि या कामाला काय म्हणावं? क्रियापदही हवंय.

व्याकरणी
घोळ ‘सुलभ’मध्येच आहे. सुलभ म्हणजे सहज मिळणारं, त्याच्या उलट दुर्लभ. सुगम म्हणजे जायला सोपं, उलट दुर्गम. सुकर म्हणजे करायला सोपं, उलट दुष्कर. लॅटिन ‘फॅसिलिस’ही ‘करणे’ याच अर्थाच्या धातूवरून आलाय. तेव्हा शब्द सुकरक, काम सुकरण. शिवाय ‘सुलभक’ची घडण मला खटकते. लभ् धातूला ‘अक’ लावून असं रूप होत नाही.

पाठभेद
‘सुलभयति’ असा नामधातू धरला तर सुलभक होतो, जसा ‘मिश्रयति’वरून मिश्रक. घडणीला दोष नको. खरी अडचण वापराची आहे. राज्यस्तर, जिल्हास्तर, तालुकास्तर सुलभक म्हणजे प्रत्यक्षात वरून आलेलं प्रशिक्षण पुढे देणारा. समोरच्यांना त्याच्याकडून ऐकायचं असतं. ताईंना हवा आहे ऐकणारा माणूस.

शिवारफेरी
सुलभक काय नि सुकरक काय, ‘सोपं करणे’ हा अर्थच या कामाला लागू नाही. बैठक चालवणारा बऱ्याचदा गटाला अवघड जागी थांबवून धरतो. रब्बीला काय पेरायचं हा प्रश्न घ्या. पाण्याचा ताळेबंद त्याने स्वतः फळ्यावर मांडला की लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन ऊसच लावतात. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर, एवढंच सांगून खडू शेतकऱ्याच्या हातात द्यायचा. गावाचं क्षेत्र, पडलेला पाऊस, वाहून गेलेलं, जनावरांना लागणारं, सगळे आकडे लोकांनीच घालायचे. वजाबाकी अंगावर आली की बैठक गप्प होते. अशा वेळी नवखा माणूस घाबरून ‘ठिबक करा’ म्हणून टाकतो आणि तिथेच सगळं बिघडतं. दोन-तीन मिनिटं शांतता सोसायची. पहिलं वाक्य गावातून यायला हवं.

म्हणून माझा शब्द साधा आहे : बोलतं करणे. ‘गटाला बोलतं करावं.’ क्रियापद आयतंच मिळालं.

अनुवादिका
क्रियापद आवडलं. पण शीर्षकात नाम लागतं. ‘बोलतं करणारा’ दर पानावर पंधरा वेळा येणार.

चौकट
वारकरी, शेतकरी, पहारेकरी यांच्या चालीवर ‘बैठकरी’?

व्याकरणी
बैठक + करी मधला एक क खाल्लात. आणि ऐकताना तो बैठा कामगार वाटतो. मराठी प्रत्यय लावला म्हणून शब्द मराठी होत नाही, चौकटराव.

चौकट
‘सुकरक’ तरी कुणाच्या तोंडात बसणार आहे? तीनदा भरभर म्हणून बघा.

टाळमृदंग
वारीत ‘चोपदार’ आहे की! माउलींच्या पालखीच्या मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार हातातला चोप म्हणजे दंड उंच करतो आणि सगळ्या दिंड्यांचे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. मग चोपदार तिच्याकडे जाऊन ऐकून घेतो. एवढ्या मोठ्या समुदायात ज्याचं अडलंय त्याचाच आवाज ऐकू यावा, अशी ही सोय आहे.

शिवारफेरी
फार नेमकं उदाहरण, पण चोप चोपदाराच्याच हातात राहतो. ग्रामविकासाचे ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स सहभागी ग्रामीण मूल्यावलोकनाबद्दल, म्हणजे गावाची पाहणी गावकऱ्यांनीच करण्याच्या पद्धतीबद्दल, लिहितात तेव्हा जमिनीवर नकाशा काढायची काठी गावकऱ्याच्या हाती देण्यावर त्यांचा भर असतो. आपल्याकडे तेच काम रांगोळीने होतं. नकाशा कागदावर काढला की लिहिता येणारा एकटा वाकतो, बाकीचे मागे राहतात. अंगणात काढला की बायाही येऊन विहीर चुकीच्या जागी दाखवलीय म्हणून पुसून पुन्हा काढतात.

पाठभेद
‘सूत्रधार’ आपल्याच नाटकातला. पण वर्तमानपत्रांनी त्याला कटाचा मुख्य सूत्रधार करून ठेवलाय. ‘पंच’ निवाडा देतो, ‘मध्यस्थ’ला आधी भांडण लागतं, ‘समन्वयक’ फोन करून तारखा जुळवतो.

उंबरठा
माविमच्या, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, बचत गटांत ‘सहयोगिनी’ आहे. बायकांच्या तोंडी बसलेला शब्द आहे. पुल्लिंगी सहयोगी केला की अर्थ पातळ होतो, हे कबूल.

व्याकरणी
सहयोगिनीकडे गटाच्या हिशेबापासून बँकेपर्यंतची कामं असतात, ताई. इथे फक्त बैठकीपुरता माणूस हवाय.

उंबरठा
बैठकीपुरता माणूस असं वेगळं काढता येत नाही. कोण कुणापुढे बोलत नाही हे आधी माहीत नसेल तर तो बैठक काय चालवणार? सरपंच पहिला बोलला की त्याचंच मत ठराव होतं. म्हणून आधी पाच मिनिटं प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एकच मुद्दा लिहायचा किंवा चित्र काढायचं, मग चिठ्ठ्या मिसळून वाचायच्या. प्राधान्य ठरवायला दहा-दहा चिंचोके वाटायचे.

शिवारफेरी
चिंचोके उघड्यावर टाकू देऊ नका. पहिल्या दोघांनी जिथे टाकले तिथेच ढीग वाढत जातो. प्रत्येक पर्यायाला एक डबा, वर चित्र, झाकणाला भोक, आणि डबे आडोशाला. शेवटी सगळ्यांसमोर मोजायचे.

चौकट
गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात तर मतदानच नाही, निर्णय सर्वसहमतीने होतो. अभ्यास गटात विषय आधी घोळतो, मग ग्रामसभेत येतो. तिथे कोणता शब्द वापरतात?

उंबरठा
सर्वसहमतीत गप्प बसलेल्याला होकार धरायचा का, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. ‘नाही’ म्हणणाऱ्याला कारण आणि पर्याय दोन्ही विचारावे लागतात.

व्याकरणी
सर्वसहमती की सर्वसंमती? दोन्ही एक नव्हेत. संमती म्हणजे परवानगी, सहमती म्हणजे मत जुळणं.

पाठभेद
मत जुळलं नाही तरी आडवं न येणं, त्याला काय म्हणाल? निर्णय बहुतेक वेळा त्यावरच तर होतो.

अनुवादिका
मार्गदर्शिकेत सातवं प्रकरण त्याचंच आहे आणि तिथेही मी ‘संमती’च लिहून बसले आहे. सुलभकाचं नंतर बघू, आधी हे सांगा.