मदत हवी आहे: जर्मन सहकाऱ्याचं बँक खातं उघडत नाही, घराचं ॲग्रीमेंटही अडकलंय

चाकणचा_ॲडमिन
जरा तातडीचं आहे. आमच्या कंपनीत जर्मनीहून एक इंजिनिअर आलाय, दोन वर्षांसाठी. वाकडला फ्लॅट ठरला आहे, भाडं ३८ हजार, डिपॉझिट दीड लाख. मालक म्हणतो आधार नाही तर ॲग्रीमेंट होत नाही. बँक म्हणते पत्त्याचा पुरावा आणा. पत्त्याचा पुरावा म्हणजे तेच ॲग्रीमेंट! पगाराची तारीख जवळ आली. परदेशी माणसाचं खातं पटकन उघडणारी बँक सांगा. 'नेटवर शोधा' म्हणणाऱ्यांनी कृपया लांब राहा, शोधून झालंय.

फायलीतला_माणूस
बँक बदलून काही होणार नाही. आधी सांगा: व्हिसा कुठला, त्यावर काय लिहिलंय, माणूस भारतात कधी उतरला, आत्ता राहतोय कुठे?

चाकणचा_ॲडमिन
एम्प्लॉयमेंट व्हिसा, अजून कुठला असणार. हिंजवडीत सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये आहे. बँकेचं सांगा ना.

सॅनहोजे_ते_सांगवी
ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) काढून घ्या, सगळी कटकट संपते. नोंदणी नाही, व्हिसा नाही.

चाकणचा_ॲडमिन
अहो, तो जर्मन आहे. आजी-आजोबाही जर्मनच. ओसीआय कुठून काढू?

फायलीतला_माणूस
तारीख राहिली. कधी उतरला?

चाकणचा_ॲडमिन
३ तारखेला.

फायलीतला_माणूस
आज १२. मग बँक बाजूला ठेवा आणि आधी व्हिसा नीट वाचा. १८० दिवसांहून जास्त मुदतीचा एम्प्लॉयमेंट व्हिसा असला की उतरल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) नोंदणी करावी लागते. ही अट बहुतेक वेळा व्हिसावरच छापलेली असते. तुमच्या हातात चार दिवस आहेत, त्यात शनिवार-रविवार आला तर पाहा. उशीर झाला तर दंड, आणि पुढे मुदतवाढीच्या वेळी त्या उशिराचा खुलासा लिहीत बसावं लागतं.

बँक जो कागद मागते तो याच नोंदणीतून निघतो. तुम्ही साखळी उलटी धरली आहे.

चाकणचा_ॲडमिन
नोंदणीलाही पत्ता लागतोच ना? फ्लॅटचं ॲग्रीमेंट झाल्याशिवाय अर्ज कसा करू?

फायलीतला_माणूस
फ्लॅटसाठी थांबायचं नाही. आत्ता जिथे झोपतो तो पत्ता द्यायचा. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत सी फॉर्म (पाहुण्याच्या मुक्कामाची सरकारला द्यायची माहिती, आता त्याचं नाव फॉर्म ३) ऑनलाइन भरणं हे सर्व्हिस अपार्टमेंटवाल्याचं काम आहे. त्याच्याकडून भरलेल्या फॉर्मची पीडीएफ घ्या. भरलाच नसेल तर आज रिसेप्शनवर उभं राहून भरून घ्या.

मग त्याच कार्यालयाच्या ई-एफआरआरओ पोर्टलवर त्याच्या नावाने खातं उघडा. लागतं ते असं: पासपोर्टचं माहितीचं पान, व्हिसा, विमानतळावरचा आगमनाचा शिक्का, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, सी फॉर्म, नोकरीचा करार आणि कंपनीचं हमीपत्र. पत्त्यातल्या जिल्ह्यावरून कार्यालय ठरतं, प्रत्येकाला बोलावतातच असं नाही. अर्ज परत येतो तो बहुधा दोन कारणांनी: शिक्क्याचं स्कॅन अस्पष्ट, किंवा करारातलं पद आणि व्हिसाच्या अर्जातलं पद वेगळं. दुसरं आजच तपासा.

फ्लॅटमध्ये गेल्यावर त्याच पोर्टलवर पत्ताबदल टाकायचा. तेव्हा नवा सी फॉर्म लागेल, तो फ्लॅटच्या मालकाने भरायचा.

कंपनी_लीज_झिंदाबाद
एवढा खटाटोप कशाला? फ्लॅट कंपनीच्या नावावर घ्या. करार मालक आणि कंपनीत, सही तुमच्या अधिकृत सहीवाल्याची, सोबत बोर्डाचा ठराव. आधारचा प्रश्नच मिटला. भाडं कंपनीच्या खात्यातून, म्हणजे जर्मनाचं खातं उघडेपर्यंत मालकही खोळंबत नाही.

फायलीतला_माणूस
आणि पत्ताबदलाच्या वेळी त्या करारात जर्मनाचं नावच नसतं. मग परत धावाधाव.

कंपनी_लीज_झिंदाबाद
'वापरणारी व्यक्ती' म्हणून नाव आणि पासपोर्ट क्रमांक एका कलमात घालायचा. एका वाक्याचं काम आहे. सी फॉर्म तरीही मालकालाच भरावा लागतो हे मान्य.

शिक्का_आणि_शाई
मालकाला कोणीतरी अर्धवट माहिती दिली आहे. आधार नसेल तर घरबसल्या अंगठा लावून होणारी ऑनलाइन नोंदणी अडते, ॲग्रीमेंट नाही. दोघांनी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जायचं, मूळ पासपोर्ट दाखवायचा, दोन साक्षीदार न्यायचे. बरेच एजंट फक्त ऑनलाइनचंच काम करतात, म्हणून 'होत नाही' सांगून मोकळे होतात.

खर्चाचा बाऊ नको. ११ महिन्यांचं भाडं ४,१८,०००. दीड लाख डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने ११ महिन्यांचं व्याज धरतात, ते १३,७५०. बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण ११०० रुपये. नोंदणी फी शहरात १०००. वर कागद हाताळणीचे किरकोळ पैसे. आणि मालक 'नोटरी करून टाकू' म्हणाला तर ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ प्रमाणे लेखी करार नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे.

वाकडची_सेक्रेटरी
सोसायटीकडून लेखी ना-हरकत घेतल्याशिवाय आम्ही भाडेकरूचं सामान गेटमधून आत सोडत नाही.

शिक्का_आणि_शाई
ताई, मालकाने कळवायचं, कराराची आणि पोलिसांकडे दिलेल्या भाडेकरू माहितीची प्रत द्यायची, बस. सामान अडवायचा अधिकार सोसायटीला कुणी दिला? आणि हो, पोलिसांकडची भाडेकरू माहिती वेगळी, सी फॉर्म वेगळा. एक केलं म्हणून दुसरं सुटत नाही.

वाकडची_सेक्रेटरी
उद्या काही झालं की पोलीस आमच्याच दारात येतात, तुमच्या नाही.

चाकणचा_ॲडमिन
भांडण नंतर करा. नोंदणी झाली की खातं कुठल्या प्रकारचं? बँकेतली मुलगी एनआरओ (अनिवासींचं खातं) म्हणत होती.

फायलीतला_माणूस
नोकरीसाठी आलेल्याला साधं निवासी बचत खातं मिळतं, पगार त्यातच. एनआरओ सुचवतात कारण 'परदेशी' शब्द दिसला की काउंटरवर तोच फॉर्म पुढे करतात. शाखेत नियमांचं पालन बघणाऱ्या अधिकाऱ्याशी बोला. पॅनचा अर्ज आजच टाका, परदेशी नागरिकांचा फॉर्म वेगळा असतो, भारतीयांचा भरू नका. पॅन येईपर्यंत 'पॅन नाही' असं लिहून देण्याच्या फॉर्मवर खातं उघडून देतात का ते शाखेला विचारा.

मोबाइल नंबर मात्र त्याच्या स्वतःच्या नावाचा घ्या. कंपनीचं सिम बँकेला जोडलं की नोकरी सुटल्यावर नंबर तुमच्याकडे आणि त्याचे ओटीपीही तुमच्याकडे.

पगारपत्रक
न विचारलेलं सांगते, पण याचा पैसा मोठा आहे. परदेशी कर्मचाऱ्याचा पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर नाही, पूर्ण पगारावर १२ टक्के कापावा लागतो. जर्मनीशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे. त्याला मूळ जर्मन कंपनीने पाठवलं असेल आणि तिकडची वर्गणी चालू असेल तर तिकडून कव्हरेज सर्टिफिकेट (तिकडची वर्गणी चालू असल्याचा दाखला) मागवा, मग इथला पीएफ लागत नाही. तुमच्याच कंपनीने थेट नेमला असेल तर ही सूट नाही.

आधार_अपडेट
आधार पण काढता येतं, १२ महिन्यांत १८२ दिवस राहिल्यावर.

चाकणचा_ॲडमिन
ते सहा महिन्यांनी! सर्टिफिकेटचं मात्र कुणी सांगितलंच नव्हतं, विचारतो.

थेंब_थेंब
घरात आरओ लावून द्या, नाहीतर पहिल्याच आठवड्यात पोट बिघडेल.

टीडीएस_१२०
सरसकट आरओ कशाला? पालिकेचं पाणी असेल तर यूव्ही पुरतो. टँकर किंवा बोअरचं मिसळतात का ते विचारा आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारं मीटर बुडवून बघा. ५०० च्या वर गेलं तरच आरओ, नाहीतर एक लिटर प्यायला दोन-तीन लिटर मोरीत.

थेंब_थेंब
वाकडला उन्हाळ्यात टँकरशिवाय कोण आहे? मोजमाप मार्चनंतर करा, मग बोलू.

वायरमन_दादा
पाण्याआधी प्लग बघा. जर्मन प्लगच्या दोन जाड पिना आपल्या पाच-सहा ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये बसतात, व्होल्टेजही २३०, म्हणून सगळे बिनधास्त लावतात. पण त्यांचं अर्थिंग प्लगच्या बाजूच्या पट्टीत असतं, आपलं वरच्या तिसऱ्या भोकात. म्हणजे धातूची केटल, इस्त्री विनाअर्थिंग चालते. झडप असलेल्या सॉकेटमध्ये प्लग जात नाही, तर लोक वरच्या भोकात पेन खुपसून झडप उघडतात. ते करू देऊ नका. प्लग कापून १६ ॲम्पिअरचा तीन पिनी लावा: पिवळी-हिरवी अर्थिंगला, तपकिरी फेजला, निळी न्यूट्रलला.

चाकणचा_ॲडमिन
अपडेट: रिसेप्शनने सी फॉर्म भरलाच नव्हता. आज भरून घेतला, रात्री अर्ज टाकला. पदाचं नाव खरंच जुळत नव्हतं, एचआरकडून दुरुस्त पत्र जोडलं. मालक निबंधकाकडे यायला तयार आहे, पण सी फॉर्मला अजून घाबरतोय. आणि फ्लॅटमध्ये पाइप गॅस नाही. सिलिंडरचं काय?

शिक्का_आणि_शाई
मालकाला सांगा, लीव्ह अँड लायसन्सने, म्हणजे फक्त वापराची परवानगी देणाऱ्या कराराने, कुळाचे हक्क लागत नाहीत. सी फॉर्म भरण्यात धोका नाही, न भरण्यात आहे.

वायरमन_दादा
५ किलोचा 'छोटू' घ्या, ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. रेग्युलेटर त्याच दुकानातून घ्या. इंडक्शन घेणार असाल तर २००० वॅटची शेगडी जवळपास ९ ॲम्पिअर ओढते, १६ च्याच पॉइंटवर लावा.

थेंब_थेंब
टँकरचं विचारलंत का सोसायटीत?