गेरुडो व्हॅलीतला पूल तुटला की मी मेलोच! हॅझार्ड बंद करू का राहू देऊ?

कोथरूडचा_किर्बी

नमस्कार मंडळी. आमच्याकडं दर शनिवारी रात्री चार-पाच जण जमतात, माझा स्विच (निन्टेन्डोचा गेम कन्सोल) टीव्हीला लावायचा, कोणीतरी येताना वडापाव घेऊन येतो आणि मग स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट (मारामारीचा गेम, वेगवेगळ्या गेममधली पात्रं एकमेकांना स्टेजबाहेर पाडतात) सुरू ते खालच्या काकूंचा फोन येईपर्यंत. सगळं छान चाललंय, फक्त माझा आतेभाऊ स्टेज निवडायची पाळी आली की डोळे मिटून गेरुडो व्हॅली लावतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, झेल्डा गेममधली वाळवंटातली घळ आहे, दोन बाजूला कडे, मधे लाकडी पूल, खाली खोल दरी. बरं तो पूल नीट राहील तर शपथ. मधेच तुटतो, शिवाय झाडूवर बसलेल्या दोन म्हाताऱ्या चेटकिणी घिरट्या घालत येतात आणि त्यातली एक स्टेजच्या एका बाजूवर आग नाहीतर बर्फ ओतते. स्टेजनंच आणलेली ही असली संकटं म्हणजे हॅझार्ड.

आता माझा प्रॉब्लेम असा की मी लिटल मॅक खेळतो. जमिनीवर असेपर्यंत मी कोणाच्या बापाला ऐकत नाही पण पायाखालचा पूल गेला की हा बॉक्सर हवेत दगडासारखा, तीन सेकंदात खेळ खलास. मागच्या शनिवारी सलग चार वेळा मी मार न खाता फक्त खड्ड्यात पडून मेलो, आणि आतेभाऊ सोफ्यावर लोळून हसत होता.

हे घरातलं भांडण घरात राहिलं असतं, पण यंदा सोसायटीच्या गणपतीत मुलांसाठी गेमची स्पर्धा घ्यायचं ठरलंय आणि कमिटीनं ते माझ्या गळ्यात मारलंय. सोळा नावं आली आहेत, सगळ्यात लहान आठ वर्षांची, सगळ्यात मोठा मीच. आतेभाऊ म्हणतो हॅझार्ड चालू ठेव नाहीतर मजा काय, माझं म्हणणं बक्षीस असेल तर नशिबावर नको. तर दोन गोष्टी सांगा. या स्टेजवर जगायचं कसं, आणि स्पर्धेत काय करू?

तिखट_पण_गोड

भावा पहिली गोष्ट, लिटल मॅक घेऊन गेरुडो व्हॅलीवर जाणं म्हणजे रेनकोट नसताना जुलैमधे ताम्हिणीला जाणं, यात ताम्हिणीची काय चूक 😄

आता खरं उत्तर. पुलावर उभं राहून मारामारी करायचीच नाही, पूल हा ओलांडायला असतो. एका बाजूचा कडा पकड आणि समोरच्याला तुझ्याकडं येऊ दे, लिटल मॅकला तसंही तेच सोयीचं कारण त्याचा सगळा जोर जमिनीवरच्या ठोशांत आहे. पूल पडला की नवीन लोक घाबरून उड्या मारायला लागतात आणि तिथंच मार खातात, त्यापेक्षा ज्या कड्यावर आहेस तिथंच थांब, पूल थोड्या वेळानं परत येतो. आणि चेटकिणी दिसल्या की आपल्या पात्राकडं बघणं सोड, त्यांच्याकडं बघ. त्या अचानक नाही टपकत, आधी उडताना दिसतात, तेवढ्यात बाजू बदलायला वेळ मिळतो. बर्फात अडकलासच तर बटणं आणि स्टिक दोन्ही जोरात हलव, गोठल्यावर जितकं जास्त दाबशील तितका लवकर सुटतोस, आमच्यातले अर्धे लोक नुसते कंट्रोलरकडं बघत बसतात.

पूल आणि चेटकिणी एकाच वेळी आल्या तर मात्र देवाचं नाव घे.

नियमाप्रमाणे_चला

स्पर्धा म्हणजे स्पर्धा. हॅझार्ड बंद, आयटम (मधेच पडणाऱ्या बॉम्बसारख्या वस्तू) बंद, तीन स्टॉक (म्हणजे जीव), सात मिनिटं, विषय संपला. जगभर अल्टिमेटच्या स्पर्धा अशाच होतात आणि बॅटलफील्ड, फायनल डेस्टिनेशन, स्मॅशव्हिल, टाउन अँड सिटी, पोकेमॉन स्टेडियम २ अशी ठरलेली पाच-सहा नावंच असतात. २०२० च्या अपडेटमधे स्मॉल बॅटलफील्ड आलं ते पण लगेच यादीत गेलं. गेरुडो व्हॅली त्यात नाही आणि का नाही हे तू स्वतःच वर लिहिलंयस. नियमांमधे स्टेज हॅझार्डचा ऑप्शन काय शोभेला दिलाय का? तो बंद केला की पूल पडत नाही, चेटकिणी येत नाहीत. एवढं सोपं असताना धागा का काढावा लागला कळलं नाही.

कोथरूडचा_किर्बी

@नियमाप्रमाणे_चला काका (काकाच असाल असं गृहीत धरतो) ही सोसायटीची स्पर्धा आहे हो, पहिलं बक्षीस कंपासपेटी आणि आइस्क्रीमचं कूपन. आणि पुण्यात राहून पुलाचा हॅझार्ड बंद करा म्हणताय? भिडे पूल बघा, खडकवासल्यातून पाणी सोडलं की पूल गायब, पाणी ओसरलं की पूल हजर, बंद करायचा ऑप्शनच नाही आणि तरी रोज लोक तिथूनच जातात.

नियमाप्रमाणे_चला

भिडे पूल बंद करतात तेव्हा आधी बॅरिकेड लावतात. आणि मी एकोणतीस वर्षांचा आहे.

जुनी_काडतुसं

धागा बघून राहवलं नाही. हा स्टेज मुळात थ्रीडीएसचा (निन्टेन्डोच्या हातातल्या कन्सोलचा) आहे, २०१४ सालच्या स्मॅशचा. तेव्हा वी यू (टीव्हीला लावायचा कन्सोल) आणि थ्रीडीएस अशा दोन आवृत्त्या निघाल्या होत्या आणि दोन्हीकडचे बरेचसे स्टेज वेगळे, त्यात ही घळ हातातल्या छोट्याशा स्क्रीनवाल्यांच्या वाट्याला आली. चौघं जण कर्वे रोडला एका मित्राच्या गच्चीवर आपापला थ्रीडीएस घेऊन बसायचो, प्रत्येकाकडं गेमचं स्वतःचं काडतूस लागायचं त्यामुळं पाचवा मित्र कायम प्रेक्षक. कॅमेरा मागं गेला की आपलं पात्र मुंगीएवढं व्हायचं, पूल तुटला हे मला दिसण्याआधी आवाजावरून कळायचं. २०१८ च्या डिसेंबरात अल्टिमेट आला आणि हाच स्टेज मोठ्या टीव्हीवर पाहिला तेव्हा लक्षात आलं की मागचे कडे इतके देखणे आहेत, चार वर्षं मी तिथं मरतोय आणि बघितलंच नव्हतं कधी.

पण त्या पुलाची गोष्ट १९९८ पासूनची आहे. झेल्डाचा ऑकारिना ऑफ टाइम खेळलेल्यांना आठवत असेल, नायक लिंक मोठा होऊन परत तिथं जातो तेव्हा पूल तुटलेला असतो आणि इपोना घोडीवरून दौडत येऊन दरीवरून उडी मारता येते. सुतार असतात चार, ते गेले गेरुडो बायकांच्या टोळीत सामील व्हायला आणि त्यांनी ह्यांनाच कोठडीत टाकलं, मग त्यांना सोडवायचं काम आपल्यावर. त्या गेममधे दरीत पडलं तर नदीनं वाहत थेट लेक हायलियाला जाता यायचं, मी लहानपणी मुद्दाम पडायचो. स्मॅशमधे पहिल्यांदा पडलो तेव्हा मनात तळंच होतं, मिळाला स्टॉक गेल्याचा आवाज.

आणि त्या चेटकिणी म्हणजे कोउमे आणि कोटाके, एक आगीची एक बर्फाची. स्पिरिट टेंपलमधे त्यांच्याशी लढायचं तर मिरर शील्ड लागते, आगवालीचा मारा बर्फवालीवर परतवायचा आणि उलटं. हरल्यावर वर जाता जाता दोघींचं वयावरून भांडण होतं, एक म्हणते मी फक्त चारशेची, दुसरी म्हणते मी तर तीनशे ऐंशीची, आणि आहेत जुळ्या! असे विनोद असायचे तेव्हाच्या गेममधे.

ते गाणं विसरू नका बरं का. कोजी कोंडोंचं, फ्लेमेंको गिटारचा ठेका, पूल गेला तरी डोकं हलत राहतं.

खड्ड्यातला_गॅनन

वर कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. ही घळ झेल्डातल्या खलनायकाचं, गॅननडॉर्फचं माहेर आहे. गेरुडो ही सगळी बायकांची जमात, शंभर वर्षांतून एकदा मुलगा जन्मतो आणि तो त्यांचा राजा, म्हणजे हाच. त्याला वाढवलं कोणी तर ह्याच दोन चेटकिणींनी. आणि स्मॅशमधे मी गॅननडॉर्फ घेऊन तिथं गेलो की आयाच पोराला भाजून काढतात, काडीची ओळख दाखवत नाहीत. त्यात ह्याची रिकव्हरी (पडताना परत स्टेजवर यायची ताकद) म्हणजे आनंदच, लिटल मॅकच्या खालोखाल आम्हीच. आपल्याच गावातल्या दरीत पडून मरणारा राजा बघायचा असेल तर आमच्याकडं या.

पण एक जमेची बाजू आहे. पूल नसताना समोरचा दरीवरून उडी मारत असेल तर गॅननडॉर्फचा हवेतला खाली मारायचा पाय लावा, सरळ तळाला जातो. मी तर पूल पडायची वाटच बघत असतो. म्हणून हॅझार्डला नशीब म्हणतात ते मला पटत नाही, पूल दोघांसाठी पडतो आणि कधीतरी पडणार हे दोघांनाही माहीत असतं. ज्यानं त्याचा विचार केला तो जिंकला. आग-बर्फाचं मात्र कबूल, तुम्ही आधीच कोपऱ्यात मार खात असाल आणि नेमकी तीच बाजू पेटली तर वाईट वाटतं.

नियमाप्रमाणे_चला

म्हणजे शेवटी मान्य केलंच.

खड्ड्यातला_गॅनन

अर्धं.

मनूची_आई

मी स्वतः गेम खेळत नाही, लेकीचा स्विच आहे, पण माझं मत विचारात घ्या कारण अशा स्पर्धांना मागं खुर्च्यांवर आम्हीच बसलेलो असतो. मागच्या वर्षी आमच्या सोसायटीत (औंधची) हेच केलं होतं. सगळं बंद करून सपाट स्टेज ठेवला आणि काय सांगू, बघणाऱ्यांना काही म्हणजे काही कळेना, दोन बाहुल्या एकमेकांवर उड्या मारतायत एवढंच, आजीआजोबा पंधरा मिनिटांत उठून प्रसादाच्या रांगेत. मग मुलं अशीच खेळायला बसली तेव्हा कोणीतरी हा तुमचा पुलाचा स्टेज लावला आणि पूल पडल्यावर अख्खा मांडव ओरडला. माझ्या सासूबाई विचारत होत्या, अगं ती झाडूवाली कोणाच्या बाजूनं आहे? तिला कोणाचीच बाजू नाही म्हटल्यावर त्यांना फारच आवडली.

पण माझी मनू आठ वर्षांची आहे, ती सरावाशिवाय त्या पुलावर पहिल्यांदाच गेली आणि कळायच्या आत पडली आणि रडली. तेव्हा ठेवायचं असेल तर आधी सगळ्यांना एकदा दाखवा तरी, एवढीच विनंती.

तिखट_पण_गोड

मनूच्या आईंनी बरोबर मुद्दा पकडला. @कोथरूडचा_किर्बी मधला मार्ग आहे ना, पहिल्या फेऱ्या हॅझार्ड चालू ठेवून खेळवा पण त्याआधी प्रत्येकाला दोन मिनिटं मोकळं खेळू दे, पूल पडताना आणि चेटकिणी येताना एकदा बघू दे. सेमी आणि फायनलला घळ हवीच असेल तर स्टेज निवडताना तिचा ओमेगा किंवा बॅटलफील्ड फॉर्म लाव. ओमेगा म्हणजे सपाट, बॅटलफील्ड म्हणजे तीन छोटे प्लॅटफॉर्म, पण मागं वाळवंट तेच आणि गाणं पण तेच, पुलाची भानगड नाही. म्हणजे नियमवाले काका पण खूश.

आणि आठ जण एकदम खेळवू नकोस, अल्टिमेटमधे येतं म्हणून करू नये. त्या पुलावर आठ जण म्हणजे शनिवारी संध्याकाळचा लक्ष्मी रोड.

नियमाप्रमाणे_चला

काका म्हणू नका. बाकी तोडगा चालेल. सेमीपासून तीन स्टॉक ठेवा आणि आयटम पहिल्या फेरीपासूनच बंद, पुलावर बॉम्ब पडला की तुमची आठ वर्षांची मुलगी परत रडेल.

कोथरूडचा_किर्बी

अपडेट. काल शनिवार होता, सगळं करून बघितलं. मी तिखट_पण_गोड यांचं ऐकून डावा कडा पकडून बसलो, एकदाही पुलावर गेलो नाही, आतेभाऊ चिडून चिडून माझ्याकडं येत राहिला आणि मी ठोसे घालत राहिलो. पहिल्या दोन मॅच मी जिंकलो!! तिसरीत त्यानं हुशारी केली, समोरच्या कड्यावर जाऊन तो पण बसला. मग काय, मी इकडं, तो तिकडं, मधे रिकामा पूल, कोणीच हलेना. बाकीचे दोघं म्हणाले अरे हे काय भारत-पाकिस्तान चाललंय का, वडापाव गार झाले. शेवटी चेटकीण आली, माझ्या बाजूला बर्फ ओतला, मी गोठलो आणि तो आरामात चालत येऊन मारून गेला. बटणं दाबत होतो हो, पण जॉयकॉनचा (स्विचच्या छोट्या कंट्रोलरचा) पट्टा हातात अडकला होता.

स्पर्धेचं ठरलं. पहिल्या दोन फेऱ्या हॅझार्ड चालू, आधी सराव, सेमीपासून बॅटलफील्ड फॉर्म. मनूच्या आई, तुमच्या सासूबाईंना पण घेऊन या, पुढची खुर्ची ठेवतो. लिटल मॅक मी सोडत नाहीये, कोणी सांगू नका.

आता एकच राहिलं, मांडवात प्लगपॉइंट एकच आहे आणि तो आरतीच्या स्पीकरला लागतो. आठच्या आरतीआधी सोळा जणांच्या मॅच उरकायच्या तर किती वाजता सुरू करू?

तिखट_पण_गोड

चारला. आणि एक्स्टेंशन बोर्ड घरून आण, कमिटीच्या भरवशावर राहू नकोस.