सेवाकार्यात कुटुंबाच्या विसाव्यासाठी वेळ कसा काढावा?

प्रश्न (कराड):
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आम्ही पती-पत्नी दोन लहान मुलांसह येथे सेवाकार्य करतो. गाळप हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) संध्याकाळची प्रार्थना, रविवारी उपासना आणि रात्री-अपरात्री येणारे फोन, यांतून घरची प्रार्थना मुले पेंगू लागल्यावर कशीबशी उरकली जाते. विसावा घेतला तर आमच्या मंडळीला (चर्चमधील लोकांना) तो आळस वाटेल का?

उत्तर (सातारा, निवृत्त पाळक):
रविवार हा तुमचा कामाचा दिवस आहे, म्हणून सोमवार राखून ठेवा आणि तसे मंडळीला उघडपणे सांगा. त्या दिवशीचे फोन मंडळीतील एखाद्या जबाबदार वडीलधाऱ्यांकडे सोपवा. थकून मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने प्रथम उपदेश केला नाही. झोपू दिले, दोनदा भाकर-पाणी दिले आणि मगच पुढच्या वाटेला लावले, हे पवित्र शास्त्रातील 1 राजे, अध्याय 19 मध्ये स्पष्ट आहे. पूर्वीचे मिशनरीही उन्हाळ्यात विसाव्यासाठी महाबळेश्वरला जात.

उत्तर (मिरज):
पाळकसाहेबांचे म्हणणे योग्यच आहे, पण त्या सोमवारी स्वयंपाक, धुणे आणि पाहुणे ताईंच्याच वाट्याला आले, तर विसावा फक्त भाऊंना मिळेल. ताईंनी दार लावून पवित्र शास्त्र वाचावे, तेवढा वेळ भाऊंनी मुलांना कृष्णाकाठी फिरवून आणावे. घरची प्रार्थना रात्रीऐवजी सकाळी, शाळेआधी ठेवा. मुलांना एखादे गीत निवडू द्या.

प्रश्नकर्ते:
आभारी आहोत. येत्या रविवारी उपासनेनंतर मंडळीशी बोलतो.