सांगलीतल्या बंद स्टुडिओच्या तीन जुन्या लेन्स: योग्य भाव कसा ठरवायचा?

पंचगंगा_घाट:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. सोनी ए६००० वापरतो, सोबत किट लेन्स. मॅन्युअल फोकसच्या जुन्या लेन्स घ्यायची बऱ्याच दिवसांची इच्छा आहे. सांगलीत एक फोटो स्टुडिओ बंद झाला. मालक वारले, आता त्यांचा मुलगा सामान विकतोय. त्याच्याकडे मला घ्याव्याशा वाटणाऱ्या तीन लेन्स आहेत. पेंटॅक्सच्या सुपर-टाकुमार ५० एमएम एफ १.४ चे तो १४,००० सांगतो, जुन्या सोव्हिएत हेलिओस ४४-२ चे ८,००० आणि निकॉनच्या निकॉर १०५ एमएम एफ २.५ चे ९,५००. तिन्ही घेतल्या तर ३०,००० म्हणतो.

त्याने मोबाइलवर परदेशी साइटवरचे भाव दाखवले. ते खरोखरच तेवढे किंवा जास्त होते. टाकुमारची काच पातळ चहाच्या रंगाची दिसते, ते मुरल्याचं लक्षण आहे असं तो म्हणतो. निकॉरच्या पुढच्या रिंगला पोचा आहे आणि बऱ्याच ठिकाणी रंग उडालाय. हेलिओस बाहेरून कोरी करकरीत.

माझं बजेट अ‍ॅडॉप्टर (जुनी लेन्स कॅमेऱ्यावर बसवायची कडी) धरून २२,००० पर्यंत. मला फसायचं नाही, पण वडिलांच्या सामानाचा भाव पाडून त्या मुलालाही फसवायचं नाही. योग्य भाव म्हणजे नेमका किती, आणि तो काढायचा कसा?

ट्रायपॉड_नाशिक:
पहिली गोष्ट, मुलाने दाखवलेले भाव मागितलेले आहेत की मिळालेले, ते बघ. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंचा वेगळा फिल्टर असतो, तो लाव. मागणारा काहीही मागतो आणि तीच वस्तू महिनोन् महिने तिथेच पडून असते. शेवटच्या दहा-पंधरा सौद्यांपैकी सगळ्यात वरचे आणि सगळ्यात खालचे सोडून दे, मधले धर. जपानी दुकानदारांच्या ‘निअर मिंट’ (जवळपास नवी) या शेऱ्यावर विसंबू नकोस, खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच. काचेत धूळ, धूसरपणा, फंगस (बुरशी), सगळं तिथे असतं.

हेलिकॉइड:
दादा, तुमचा प्रश्न आवडला, कारण तुम्ही दोन्ही बाजूंचा विचार करताय. माझे वडील फोर्टमध्ये कॅमेरे दुरुस्त करायचे, बोरा बाजारपासून जवळच. त्यांच्या टेबलाशी बसून मी लेन्स उघडायला शिकले, अजूनही तेच काम करते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे हिशेब असा करतात: त्याच लेन्सची स्वच्छ, चालू प्रत प्रत्यक्षात कितीला जाते ते धरायचं आणि समोरची प्रत त्या अवस्थेला आणायला जो खर्च येईल तो वजा करायचा. उरेल तो भाव. यात सगळं अवलंबून आहे ते दोष ओळखण्यावर. काही दोष फक्त डोळ्यांना खुपतात, काही फोटोत उतरतात, आणि काही कितीही पैसे टाकले तरी जात नाहीत. बाजार पहिल्या प्रकाराचे पैसे फार कापतो आणि तिसऱ्या प्रकाराचे पुरेसे कापत नाही, कारण रंग उडालेला मोबाइलच्या फोटोत दिसतो आणि काचेवरचं फंगस दिसत नाही.

आता तुमच्या तिन्ही लेन्स बघू.

टाकुमार. पेंटॅक्सने सुपर-टाकुमार ५० एफ १.४ दोन प्रकारे बनवली. सुरुवातीची आठ काचांची, नंतरची सात काचांची. आठ काचांची संग्राहकांना हवी असते, म्हणून ती महाग. सात काचांच्या लेन्समध्ये मागच्या बाजूला थोरियम असलेली काच आहे आणि वर्षानुवर्षांत तीच पिवळी पडते. तुमची लेन्स पिवळी आहे, म्हणजे ती सात काचांची. त्या मुलाने दाखवलेला भाव आठ काचांच्या लेन्सचा असणार. तो लबाडी करतोय असं मी म्हणणार नाही, दोन्हींवर नाव एकच कोरलेलं असतं. त्याला तेवढं समजावून सांगा.

पिवळेपणा मुरल्याचं लक्षण नाही, पण घाबरण्यासारखंही नाही. अतिनील प्रकाशात ठेवली की काच बरीचशी निवळते. थोरियम किरणोत्सारी आहे. फोटो काढताना त्याची चिंता नको, मात्र ती काच घासायची, फोडायची किंवा पॉलिश करायची नाही. गेल्या काही महिन्यांत सात काचांच्या स्वच्छ प्रती मी ८,००० ते ९,००० ला जाताना पाहिल्यात. पिवळेपणासाठी पाचशे-हजार कमी करा, जास्त नको.

निकॉर. तिन्हींत मला हीच हवीशी वाटतेय. ॲपर्चरच्या (प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पात्यांच्या) रिंगवर आकड्यांची एकच ओळ आहे का बघा. एकच असेल तर ती १९७७ पूर्वीची, म्हणजे निकॉनची एआय पद्धत (ॲपर्चर किती ते बॉडीला कळवणारी जोडणी) येण्याआधीची. अशी लेन्स निकॉनच्या बऱ्याच डिजिटल बॉडींवर तशीच बसवता येत नाही, रिंग कापून घ्यावी लागते, म्हणून निकॉनवाले तिला कमी पैसे देतात. तुम्ही सोनीला अ‍ॅडॉप्टर लावणार, तुम्हाला त्याने काहीच फरक पडत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या अडचणीमुळे उतरलेला भाव तुम्हाला आयता मिळतो. पोचा फिल्टरच्या रिंगला असेल तर ५२ एमएमचा फिल्टर बसताना त्रास होईल, चित्रावर परिणाम नाही. फक्त काच आतून सैल झाली नाही ना, ते कानाशी धरून हलकेच हलवून बघा.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. स्टीव्ह मॅकरीने १९८४ साली काढलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो याच १०५ एफ २.५ घराण्यातल्या लेन्सचा. तो दाखला देऊन विक्रेते भाव चढवतात. त्या फोटोत वापरलेली एआय-एस मालिकेतली होती, तुमची तिच्याआधीची. लेन्स तिच्या स्वतःच्या गुणांवर उत्तम आहे, त्या दाखल्याचे वेगळे पैसे देऊ नका.

हेलिओस. हिच्यात मागची पार्श्वभूमी गोल फिरल्यासारखी दिसते म्हणून हिची एवढी मागणी. पण तो परिणाम चित्राच्या कडांना जास्त असतो आणि ए६००० चा सेन्सर लहान असल्याने त्या कडाच कापल्या जातात. ५८ एमएमची लेन्स तुम्हाला ८७ सारखी दिसेल. ज्या गुणाचा भाव चढलाय तोच तुम्हाला अर्धामुर्धा मिळणार. लेन्सवर कोरलेल्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा ती बनवल्याचं वर्ष सांगतात. क्रास्नोगोर्स्क कारखान्याची प्रत म्हणून कोणी जादा मागितलं तरी देऊ नका, प्रतीप्रतीतला फरक कारखान्याच्या फरकापेक्षा मोठा असतो. स्वच्छ प्रत ४,५००, फार तर ५,०००.

बघायला जाल तेव्हा मोबाइलचा नको, छोटा हातातला टॉर्च न्या. ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून तिरका प्रकाश टाका आणि पुढून बघा, मग उलट. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे फंगस. सगळीकडे सारखा दुधी थर म्हणजे धूसरपणा, तो बहुधा साफ होतो. काचेच्या कडेला इंद्रधनुषी चट्टा दिसला तर चिकटवलेल्या काचा सुटल्यात, ती लेन्स सोडा. पात्यांवर तेल असलं तरी तुमच्या वापरात अडचण नाही, कारण तुम्ही पाती हातानेच बंद करणार. पण तेलाची वाफ पुढे काचेवर बसते, म्हणून थोडे पैसे त्याचेही कापा. स्क्रूंची डोकी घासलेली असतील तर लेन्स आधी उघडली गेलीय. कोणी उघडली ते विचारा. आणि शक्य असेल तर एक अ‍ॅडॉप्टर कोणाकडून मागून न्या, कॅमेऱ्याला लावून फोटो काढून बघा.

रत्नदुर्ग:
ताई, फंगसच्या बाबतीत जरा वेगळं मत. आमच्या रत्नागिरीत चार पावसाळे काढलेल्या प्रत्येक लेन्समध्ये काहीतरी असतंच. मी फंगस लागलेली हेलिओस कमी पैशात घेतली, पुढची काच काढून पुसली, फोटोत तसूभर फरक नाही. फंगस दिसलं की पळायचं, असं केलं तर कोकणात कोणाला जुनी लेन्स मिळायचीच नाही.

हेलिकॉइड:
रत्नदुर्ग, तुमच्या लेन्सपुरतं तुमचं बरोबर आहे. फंगस कुठे आहे आणि किती जुनं, त्यावर सगळं ठरतं. सुट्या काचेवर नुकतं आलेलं असेल तर पुसून जातं. काचेवरचं कोटिंग (चकाकी रोखणारा पातळ थर) खाल्लं असेल तर पुसल्यावरही धाग्यांचे ठसे राहतात, आणि ते कोटिंग कुणीच परत देऊ शकत नाही. उजेड समोरून आला की तिथेच चित्र फिकं पडतं. चिकटवलेल्या दोन काचांच्या मध्ये असेल तर दुरुस्तीचा खर्च लेन्सपेक्षा जास्त. दुरून पाहून यातलं कुठलं ते सांगता येत नाही, म्हणून उघडून दाखवली नसेल तर तिसऱ्या प्रकारचा, म्हणजे न जाणारा दोष आहे असं धरूनच भाव लावावा, म्हणजे स्वच्छ प्रतीच्या एक तृतीयांश. त्या भावात मिळाली तर जरूर घ्या.

पंचगंगा_घाट:
काल सांगलीला जाऊन आलो. मित्राचे दोन्ही अ‍ॅडॉप्टर नेले होते.

निकॉरवर आकड्यांची एकच ओळ. काच आतून स्वच्छ, अगदी दोन-तीन धुळीचे कण. फोकसची रिंग जड पण सलग फिरते. टाकुमार पिवळी, बाकी स्वच्छ. पात्यांवर थोडं तेल. हेलिओसमध्ये, जी बाहेरून सगळ्यात छान, मागच्या बाजूला धागे आहेत, टॉर्चशिवाय दिसलेच नसते. ते पाहून तो मुलगाही चकित झाला. त्याला टाकुमारचे दोन प्रकार समजावून सांगितले, ईबेवरचे विकले गेलेले भावही आम्ही बसून एकत्र बघितले. तो म्हणाला, तुम्हीच सांगा, पण निकॉरचे कमी करणार नाही.

एक शंका आहे. विकल्या गेलेल्या भावांमध्ये निकॉर त्याच्या भावापेक्षा साधारण हजाराने कमी दिसते. तरी ९,५०० द्यावेत का?

हेलिकॉइड:
द्या. ईबेवरचा भाव तिथला आहे. त्यात पाठवणावळ, कस्टम्स ड्यूटी आणि आयजीएसटी मिळवलीत तर घरी येईपर्यंत ती साडेनऊच्या वर जाते, आणि खराब निघाली तर परत पाठवणं परवडत नाही. तुम्ही ही हातात घेऊन, उजेडात बघून, फोटो काढून घेताय. त्याची किंमत असते. निकॉरवर घासाघीस करू नका.

टाकुमारचे ७,५०० सांगा. पाचशे पिवळेपणाचे आणि पाचशे पात्यांच्या तेलाचे कापलेत हे त्याला उघड सांगा. दोन्ही मिळून १७,०००, अ‍ॅडॉप्टर धरून तुमच्या बजेटमध्ये बसतं. हेलिओस तुमच्या कॅमेऱ्यासाठी सोडा. त्या मुलाला एवढं मात्र सांगा, की ती बाकीच्या सामानापासून वेगळ्या डब्यात ठेव आणि विकताना फंगसचं सांगून १,५०० पर्यंत दे. आपल्या हवेत सगळं एका कपाटात राहिलं तर पुढच्या पावसाळ्यात इतर लेन्सनाही लागण होऊ शकते.

टाकुमार निवळायला अतिनील एलईडी दिवा वापरा, मागची काच दिव्याकडे, पुढे टोपण लावलेलं, भोवती ॲल्युमिनियमची फॉइल. काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात. उन्हात ठेवणार असाल तर फक्त सकाळच्या, आणि टोपण लावल्याशिवाय अजिबात नाही, कारण लेन्समधून ऊन एकवटलं तर आग लागते. दुपारच्या उन्हात ग्रीस पातळ होऊन आणखी पात्यांवर उतरतं. निकॉरची रिंग जड आहे ती जुन्या ग्रीसमुळे. पावसाळ्याआधी नवीन ग्रीस भरून घ्या आणि तोवर जोर लावून फिरवू नका.

पंचगंगा_घाट:
ताई, ठरलं. मुलाने ७,५०० मान्य केले, हेलिओसचं ऐकून त्याने लगेच ती बाजूला काढली. रविवारी आणायला जातोय. निकॉर ग्रीससाठी, आणि सोबत टाकुमारही, तुमच्याकडे पाठवली तर चालेल का?

हेलिकॉइड:
पाठवा. निकॉर आणि टाकुमार वेगवेगळ्या डब्यांत भरा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि निकॉरची फोकसची रिंग अनंतावर (∞ च्या खुणेवर) ठेवून भरा.