सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेलं घुबडाचं नाणं खरं ग्रीक आहे का?

शहादेकर
रामराम मंडळी. यंदा सारंगखेड्याला घोडे बघायला गेलो आणि नाणं घेऊन आलो, त्यावरून घरात अजून टोमणे चालू आहेत. एका फिरत्या विक्रेत्याकडे ताटलीत जुनी नाणी होती, त्यात हे एक जाड चांदीचं, एका बाजूला शिरस्त्राण घातलेली बाई, दुसऱ्या बाजूला घुबड. सिकंदराच्या काळचं म्हणाला, १२ हजार सांगितले आणि साडेतीन हजारात देऊन टाकलं (इतका भसकन खाली आला तेव्हाच कळायला पाहिजे होतं म्हणा). नेटवर शोधलं तर अथेन्सच्या टेट्राड्रामसारखं (तिथलं जुनं चांदीचं नाणं) हुबेहूब दिसतंय. सराफाच्या काट्यावर १४.६ ग्रॅम भरलं, रुंदी २४ मिमी. कडेला गोल फिरलेली बारीक रेघ आहे ती कसली?

अजून एक, घरच्या देव्हाऱ्यात टाकांसोबत एक बटनाएवढं नाणं आहे, २.१ ग्रॅम. मिशीवाला राजा, त्याच्याभोवती ओ आय ओ आय अशी कायतरी इंग्रजीसारखी अक्षरं, मागे तीन ढिगारे आणि खाली नागमोडी रेघ. आजी दरवर्षी श्रावणात कानबाई (आमच्या खान्देशातली देवी) आली की चिंच लावून घासते. ते असंच असेल, पण दोन्हीचे फोटो टाकतोय.

भरीतभाकर
साडेतीन हजारात घोड्याचा लगाम तरी आला असता भाऊ 😄

जुनंपानं_जळगाव
दादा, वाईट वाटून घेऊ नका पण घुबड गेलं. आधी वजन बघा, अथेन्सचं टेट्राड्राम १७.२ ग्रॅमच्या आसपास असतं, झिजून थोडं कमी होईल पण अडीच ग्रॅम कुठे जाणार, तेही नाक-डोळे इतके स्वच्छ असताना. दुसरं म्हणजे कडेची रेघ. खरं नाणं ठोकून बनायचं, गरम चांदीचा गोळा दोन ठशांमध्ये ठेवून वरून घण. म्हणून कड वेडीवाकडी, कधी तडकलेली, आणि चित्र बऱ्याचदा एका अंगाला सरकलेलं, शिरस्त्राणाचा तुरा बाहेर गेलेला. तुमचं दोन साच्यांत ओतलंय, रेघ म्हणजे साच्याचा जोड. फोटो मोठा करून बघा, गालावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतायत, ते ओततानाचे बुडबुडे.

आणि सिकंदर म्हणाला तिथेच घोळ आहे. ही घुबडं मुख्यतः इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अथेन्सजवळच्या लॉरिऑनच्या खाणीतल्या चांदीची निघाली, सिकंदर जन्मला इ.स.पू. ३५६ ला. त्याच्या स्वतःच्या चांदीच्या नाण्यावर सिंहाचं कातडं डोक्यावर घेतलेला हेराक्लीस आणि मागे गरुड घेऊन बसलेला झ्यूस असतो.

घरी खात्री करायची तर काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा, नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरा, बुडाला टेकू देऊ नका. जो आकडा येईल त्याने १४.६ ला भागा. ती झाली धातूची घनता, शुद्ध चांदीला साडेदहाच्या जवळ यायला पाहिजे. पण एक लक्षात ठेवा, साडेदहा आलं म्हणजे जुनंच असं नाही, हुशार लोक नकलीसुद्धा चांदीत करतात, म्हणून नुसता टंच काढून उपयोग नाही. आणि सराफाला कसोटीवर घासू तर अजिबात देऊ नका, उद्या खरं नाणं हातात आलं तर त्याचं वाटोळं व्हायचं.

अमळनेरची_लेक
सगळे घुबडाच्याच मागे लागलेत, अहो दादा तुमच्या देव्हाऱ्यातलं बघा ना! ते पश्चिमी क्षत्रपांचं (गुजरात-माळव्याकडचे जुने शक राजे) आहे, मला तर खरं वाटतंय. तीन ढिगारे म्हणजे तीन कमानींचा डोंगर, वर चंद्र आणि बाजूला सूर्य असेल, नागमोडी रेघ म्हणजे बहुतेक नदी. गोल फिरलेली ब्राह्मी अक्षरं फोटोत अर्धीच दिसतायत पण "वीरदामपुत्रस" मला बऱ्यापैकी वाचता येतंय, म्हणजे दुसरा रुद्रसेन, साधारण इ.स. २५६ ते २७८. क्षत्रप आपल्या नाण्यावर बापाचं नाव टाकायचे, म्हणून ओळखणं सोपं जातं. राजाच्या डोक्यामागे शक संवताचा आकडा असतो, त्यात ७८ मिळवले की इसवी सन निघतं, पण तुमच्या आजीच्या चिंचेने तो आकडा खाल्लाय 🙈 कृपा करून आता घासू नका, ब्रासो नको, राख नको, टूथपेस्ट तर नकोच नको.

आता ओ आय ओ आय. ती ग्रीक अक्षरं आहेत, म्हणजे होती. मिनँडर, म्हणजे मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथातला मिलिंद, आणि अपोलोडोटस हे भारतात राज्य केलेले ग्रीक राजे, त्यांची चांदीची द्राम नाणी साधारण २.४ ग्रॅमची, एका बाजूला ग्रीक आणि दुसरीकडे खरोष्ठी या जुन्या लिपीत तेच, "महरजस त्रतरस मेनंद्रस". पेरिप्लस हे समुद्री व्यापाराचं पुस्तक लिहिणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवलंय की भरूचच्या बाजारात त्या दोघांची जुनी नाणी अजून चालतात, मिनँडरला जाऊन तेव्हा दोनशे वर्षं होत आली होती! लोकांना सवय त्याच मापाची, म्हणून क्षत्रपांनी तसंच छोटं चांदीचं नाणं, तसाच राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक लिहिणं चालू ठेवलं. आधीच्या नहपान क्षत्रपाच्या नाण्यावर ग्रीकमध्ये त्याचं नाव तरी असायचं (१९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला त्याची १३ हजारांवर नाणी सापडली, त्यातली नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने वरून स्वतःचा ठसा मारलेली). पुढच्या ठसे कोरणाऱ्यांना ग्रीक येईना, मग उरली नुसती नक्षी. भरूच आपल्या तापीच्या पलीकडे कितीसं लांब आहे सांगा.

भरीतभाकर
ताई, म्हणजे किती येतील त्याचे?

अमळनेरची_लेक
फार नाही, क्षत्रपांची नाणी भरपूर मिळतात आणि हे घासून गुळगुळीत झालंय. पण विकायला कुठे काढताय, त्यांनी तर विचारलंही नाही.

जुनंपानं_जळगाव
ताईंनी बरोबर ओळखलं, मी पहिल्या फोटोतच अडकलो होतो. एक कायद्याचं सांगून ठेवतो, शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू धरलं जातं, जवळ ठेवायला हरकत नाही पण देशाबाहेर पाठवायचं नाही, परदेशी ग्राहक मेसेज करतात त्यांच्या नादी लागू नका. आणि शेतात नांगरताना गाडगंबिडगं लागलं तर ते १८७८ च्या कायद्यात येतं, दहा रुपयांच्या वर किंमत असली की कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये तेव्हाचेच, अजून बदलले नाहीत. खरं ग्रीक बघायचंच असेल तर आधी म्युझियममध्ये बघून डोळा तयार करा, मग पैसे काढा.

शहादेकर
पाण्याचं केलं. १.७२ आलं, म्हणजे साडेआठ. सराफ म्हणतो जर्मन सिल्व्हर असेल, म्हणजे नावालाच सिल्व्हर, चांदी नाहीच. तो विक्रेता आता कुठे सापडायचा.

छोटं नाणं नीट फोटो काढायला देव्हाऱ्यातून उचललं तर आजीने हातच धरला, "हाई देवनं शे, इकानं नही." विकत नाहीये गं, फोटो काढतोय म्हटलं तर म्हणे फोटो पण बसूनच काढ, पायात चप्पल नको. चिंच बंद कर म्हणालो त्यावर काही बोलली नाही. ताई, श्रावणात कानबाई आली की नवीन फोटो टाकतो, तोवर ब्राह्मी अंक कसे दिसतात त्याचा एखादा तक्ता असेल तर टाका.