चर्चा: कोपऱ्यावर उभ्या माणसाला आजारी कोण पाडतं?

पाऊलवाट:
अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडजवळ राहतो. शनिवारी हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात गेलं की पार्किंगच्या तोंडाशी पंधरा-वीस जण उभे दिसतात, बहुतेक मेक्सिको आणि ग्वाटेमालाकडचे. पिकअप थांबला की सगळे धावतात, दोघं चढतात, बाकीचे परत जागेवर येतात. रोजंदारीवरच्या या माणसांना स्पॅनिशमध्ये हॉर्नालेरो म्हणतात आणि उभं राहायच्या जागेला एस्किना, म्हणजे कोपरा. आपल्याकडचा मजूर नाकाच.

मागच्या महिन्यात कुंपण दुरुस्त करायला त्यातल्या एकाला आणलं. तळहातावर खोल जखम, वर चिंधी. विचारलं तर म्हणाला, जिथं लागलं त्या माणसानं दिवसाचे पैसेच दिले नाहीत, दवाखान्यात काय घेऊन जाऊ? मग जेवताना म्हणाला, हात बरा होईल, पण चार दिवस काम नाही लागलं की घरी फोन करायची हिंमत होत नाही. बायको काही मागत नाही, आणि तेच जास्त लागतं.

या लोकांच्या तोंडचा यासाठीचा शब्द देसेस्पेरासिओन. जीव टांगणीला लागणं आणि हात-पाय गळणं, दोन्ही त्यात आलं. 2006 मध्ये अशा मजुरांच्या देशभरच्या पाहणीचा अहवाल आला होता. आदल्या दोन महिन्यांत निदान एकदा मजुरी बुडालेले जवळपास निम्मे होते. वर्षभरात कामावर जखमी झालेला पाचात एक, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांवर उपचारच नाहीत. माझं म्हणणं एवढंच की हा ताण त्यांच्या मनाचा दोष नाही, तो त्या कोपऱ्यावर तयार होतो. बुडवलेली मजुरी हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

रांगेतला:
वाईट वाटतं, पण पूर्ण पटत नाही. मी 2012 पासून ग्रीन कार्डच्या, म्हणजे इथं कायम राहायच्या परवान्याच्या, रांगेत आहे. वडील गेले तेव्हा परतताना व्हिसाच्या स्टॅम्पिंगमध्ये अडकेन या धास्तीनं भारतात गेलो नाही. ताण आम्हालाही आहे. ज्यानं कागदपत्रं नसताना यायचं ठरवलं, त्यानं धोकाही पत्करला. त्याचं ओझं इतरांनी का उचलायचं?

पाऊलवाट:
वडिलांचं वाचून पोटात तुटलं. पण त्या पाहणीत चौघांपैकी एकाकडे कागद होते, तोही त्याच कोपऱ्यावर उभा होता. आणि कागद असोत नसोत, केलेल्या कामाची मजुरी इथल्या कायद्यानं द्यावीच लागते. बुडवणारा मालक तुमच्या-माझ्या नियमानेही चुकीचाच. त्याला मोकळं सोडलं तर उद्या तो कोणालाही बुडवेल.

दुसरं, कामावर लागलं तर नुकसानभरपाईचा हक्क कॅलिफोर्नियात कागद नसलेल्यालाही आहे. पण घरगुती कामात एक फट आहे: आधीच्या 90 दिवसांत त्या घरी 52 तास भरले नसतील तर तो हक्क लागत नाही. एक दिवस कुंपण, दुसऱ्या दिवशी छप्पर असं करणाऱ्याचे एका घरी 52 तास कुठून भरणार? हे मला कुंपणाच्या निमित्तानं कळलं. मीही त्या फटीचा फायदा घेणाऱ्यांपैकीच होतो, हे मान खाली घालून सांगतो.

शुश्रूषा:
मी ह्यूस्टनमध्ये नर्स आहे. पाऊलवाट, तुमच्याशी सहमत, पण अर्धीच. 1986 च्या कायद्यामुळे इमर्जन्सीत आलेल्याला तपासून स्थिर करावंच लागतं. रक्तदाब, साखर यांना तो कायदा पुरत नाही. त्यामुळे ही माणसं येतात ती पाय काळा पडल्यावर. छातीत धडधड, झोप नाही, डोकं दुखतं, असं सांगतात आणि वर 'नेर्विओस', म्हणजे नसांचा त्रास, म्हणतात. नैराश्य हा शब्द कोणी उच्चारत नाही.

माझा आक्षेप इथे आहे. मजुरी वेळेवर मिळाली की सगळं निवळेल, असं तुमच्या लिहिण्यातून वाटतं. आठ-दहा वर्षं बायको-मुलांना न भेटलेला माणूस संध्याकाळी खोलीवर सहा जणांत बसून पितो, त्याला पैसे पुरत नाहीत, माणूस लागतो. त्याच्या भाषेत ऐकणारं कोणीतरी हवं. हे चोचले समजू नका.

नाकेकरी:
पुण्याहून लिहितोय. आमच्या मजूर अड्ड्यावर सकाळी सातला या. विदर्भ, मराठवाड्यातून आलेली माणसं अशीच गाडीमागे धावतात. 1996 चा बांधकाम कामगार कायदा होता, 2025 मध्ये त्याच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या, पण नोंदणीला वर्षात 90 दिवसांचं काम दाखवावंच लागतं. रोज मालक बदलणाऱ्याला दाखला देणार कोण? हे सोडून ऑकलंडची काळजी कशाला?

पाऊलवाट:
तुमचे 90 दिवस आणि इथले 52 तास, गोष्ट एकच आहे. कायदा एका मालकाचा माणूस गृहीत धरतो. म्हणून तर इथे मजुरांची केंद्रं निघाली. 2001 मध्ये त्यांचं देशव्यापी जाळं झालं. बऱ्याच केंद्रांत किमान दर ठरलेला असतो, नंबर लागतो, मालकाचं नाव नोंदतात. धावावं लागत नाही. हे पुण्यातही करता येईल, मला मनापासून वाटतं.

रांगेतला:
केंद्रं काढली की आणखी लोक येणार, हे माझं मत कायम. मात्र मजुरी बुडवण्याबद्दल तुमचं बरोबर आहे, तिथे मी वाद घालत नाही.

ईस्टएलए:
जून 2025 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये कागद नसलेल्यांची धरपकड सुरू झाली, त्यात अशाच दुकानांची पार्किंगं होती. आमच्या गल्लीत गवत कापणारे काका, वयानं साठीचे, तेव्हापासून कोपऱ्यावर जात नाहीत. काम नाही म्हणून औषध नाही, आणि औषधाला बाहेर पडायचीही भीती. रांगेतला, धोका पत्करला म्हणता, पण त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद होऊन शहराचं काय भलं झालं?

शुश्रूषा:
पाऊलवाट, त्या माणसाच्या जखमेचं पुढे काय झालं? लोखंडानं लागलं असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नसेल तर आजच न्या. तळहाताला सूज असेल, बोटं मिटत नसतील तर क्लिनिकमध्ये थांबू नका, थेट इमर्जन्सीत. तिथे तपासायला नकार देता येत नाही, हे त्याला जाण्याआधी सांगा, नाहीतर तो दारातून परत फिरेल.